माझी घडी घालू नका!

मी एक जुना शिशाचा एप्रन आहे. हसू नका, मित्रांनो! स्वयंपाकघरातला नव्हे, इस्पितळातला. माझ्या पोटात शिशाचा थर आहे आणि माझं वजन भरतं चांगलं सहा किलो. क्ष-किरणांना मी पुढे जाऊ देत नाही. एवढा गुण अंगी असूनही मला घालणारा प्रत्येक जण आधी "आई गं, माझी पाठ!" असंच म्हणतो.

कारखान्यातून निघालो तो थेट इस्पितळातल्या या क्ष-किरणांच्या खोलीत आलो आणि इथल्या सिस्टरच्या वाट्याला गेलो. एकदा इथे एक कंडक्टर मावशी आली. तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ होती, आणि ती इतकी वाढली होती की शस्त्रक्रिया करता येईना. गाठ लहान झाली, तरच काढता येणार होती. डॉक्टरांनी समजावलं, "हाताच्या शिरेतून दिलेलं औषध अंगभर फिरतं. आपण जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी घालू आणि ते थेट गाठीपाशी पोचवू."

"म्हणजे विनाथांबा गाडी!" मावशी म्हणाली. सगळे हसले. पण टेबलावर आडवी होताच तिने सिस्टरचा हात घट्ट धरला. "तू बाहेर नको हं जाऊस. मला फार भीती वाटतेय."

सिस्टर गेली नाही. मला अंगात घालून ती उशाशी उभी राहिली. जांघ तेवढी बधिर केलेली, मावशी टक्क जागी. क्ष-किरणांच्या पडद्यावर नळी सरकताना दिसत होती, ती दोनदा भलत्याच फाट्यात शिरली.

"अहो डॉक्टर, स्टॉप चुकला वाटतं!"

"चुकला खरा, मावशी. मागे घेतो."

तिसऱ्यांदा जागा सापडली आणि औषध हळूहळू आत गेलं. तासभर मी सिस्टरच्या खांद्यांवर होतो. ती घामाने निथळत होती, पण तिने हात सोडला नाही. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

असं तीनदा झालं. मधल्या दिवसांत मावशीला उलट्या झाल्या, केस विरळ झाले, ती चिडली, रडलीसुद्धा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. पण मावशीची गाठ निम्म्याहून लहान झाली आणि डॉक्टरांनी ती काढली! त्या दिवशी मला नाचावंसं वाटत होतं, पण सहा किलोंनी नाचायचं कसं?

आता माझे हाल ऐका. काम संपलं की मला कुणीही चुरगाळून खुर्चीत फेकायचं. घडी पडली की आतल्या शिशाला तडा जातो. तो वरून दिसत नाही, आणि तिथून किरण आत शिरतात. पण सांगतो कुणाला?

एका दुपारी मावशी तपासणीला आली आणि खोलीत डोकावली. बसायला जागा करावी म्हणून तिने मला उचललं. "बाप रे! केवढं हे जड!" मग ती सिस्टरकडे बघतच राहिली. "तिन्ही वेळा हे अंगावर घेऊन उभी होतीस? एका शब्दाने बोलली नाहीस ती?"

"बोलले असते तर तुम्ही मला बाहेर जा म्हणाला असतात," सिस्टर म्हणाली.

मावशीने डोळे पुसले आणि मला सरळ करून खुंटीवर टांगलं. मित्रांनो, आजाऱ्याचा हात धरून उभी राहणारी माणसं फार मोलाची असतात. त्यांना जपा. आणि त्यांना जपणाऱ्या माझ्यासारख्याला खुंटीवर टांगा, एवढंच माझं मागणं आहे.