जोडलेल्या हातांतला फोन

पहिल्यांदा लाइन तुटली तेव्हा दॉ ओन तिनला वाटलं, नदीवरचा वारा असेल. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा तिनं सिमकार्डाला शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा तुटली, आणि तीही नेमकी त्याच जागी. तेव्हा तिनं फोन फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि माती तुडवायला अंगणात गेली. राग आला की ती माती तुडवायची. त्या दिवशीची माती फार मऊ झाली.

शेजारीण मा थ्वे यी तिला अमा, म्हणजे ताई, म्हणायची. कुंपणापलीकडून तिनं विचारलं, "काय गं अमा, बोलला का भाऊ?"

"बोलला. बरी आहेस का म्हणाला, भट्टी कधी लावणार म्हणाला. मी माफीचं काढलं की ठेवतो."

"तीनदा?"

"तीनदा."

"असा कसा ठेवेल? थदिंजुतच्या सणात धाकटं माणूस पाया पडायला आलं तर ज्याचं कुत्रं मारलं तो शेजारीसुद्धा आशीर्वाद देतो."

"तुझ्या कुत्र्याला मी मारलं नव्हतं," दॉ ओन तिन म्हणाली. "ते म्हातारं झालं होतं."

इरावतीच्या काठावरच्या त्या गावात बहुतेक घरांतून बायका मडकी घडवतात, आणि पुरुष ती भाजतात नि होडीत भरतात. दॉ ओन तिन अकराव्या वर्षापासून हेच करत होती. आता ती एकसष्ट वर्षांची होती. नवरा नव्हता, मूल नव्हतं. एक थोरला भाऊ होता, ऊ फो चान. ती त्याला अको, म्हणजे दादा, म्हणायची. तो दूर दक्षिणेला मॉलम्याइनला शिंपीकाम करायचा, आणि या फोनांच्या आधी नऊ वर्षं त्या दोघांत शब्द नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा पूर आला होता, रस्ते बंद होते. ऊ फो चान पोचला तेव्हा सातव्या दिवसाचं अन्नदान चाललं होतं. भिक्षू जेवून उठले होते, गावाच्या पंगती बसल्या होत्या. तो पायरीवर चिखलाच्या पायांनी उभा राहिला. कुणीतरी त्याच्या हातात ताट दिलं. दॉ ओन तिन हातात भाताचा डाव घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आला बघा. आईला पोचवायला नाही, जेवायला आला."

त्यानं ताट खाली ठेवलं, चपला घातल्या आणि तो परत गेला. त्या दिवशी पंगतीत साठ-सत्तर माणसं होती.

आता त्याच्या मुलीनं, मा शूननं, कळवलं होतं की बाबा संसार सोडताहेत. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुंडण, मग डोंगरातला मठ. कायमचं. तिथे फोन नाही, पत्र नाही. भिक्षू झाल्यावर तो कुणाचा भाऊ राहणार नव्हता. गावातल्या कुठल्याही बाईसारखी तीही त्याच्यापुढे जमिनीवर डोकं टेकेल, आणि तो तिला उपासिका म्हणेल. नऊ वर्षांपूर्वी जे बोलली ते बहीण म्हणून बोलली होती. माफीही बहीण म्हणूनच मागायला हवी होती, आणि त्याला तीन दिवस उरले होते.

मोठ्यांची माफी मागायची एक रीत असते. तिला कदॉ म्हणतात. गुडघ्यांवर बसायचं, हात जोडायचे, आणि देहानं, वाचेनं, मनानं जे काही चुकलं असेल त्याबद्दल क्षमा असावी असं म्हणून तीनदा वाकायचं. दॉ ओन तिननं आयुष्यात एकदाही हात न जोडता कदॉ केली नव्हती. समोर माणूस नव्हता, फोन होता. पण आवाज त्यातून येत होता, तेव्हा तो खाली चटईवर ठेवणं म्हणजे थोरल्या भावाला पायांशी ठेवणं. म्हणून तिनं काय केलं, तर इकडचं तिकडचं बोलून झालं की फोनचा आवाज मोठा करायची, गुडघ्यांवर बसायची, फोन दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरायची आणि ते जोडलेले हात कपाळापर्यंत न्यायची. "अको, देहानं, वाचेनं," इथवर यायची. पुढे शांतता.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला तर त्यानं उचललाच नाही.

त्याच सकाळी मडक्यांचा व्यापारी को लुन माँ याचा फोन आला. तिचा डावा हात मडक्याच्या आत गोटा धरून होता, उजव्यात थापी होती, दोन्ही कोपरापर्यंत मातीनं भरलेले. तिनं दोन बोटांच्या टोकांनी फोनचं बटण दाबलं आणि तो ओल्या मडक्यांच्या ओळीत एका सुक्या मडक्याच्या तोंडावर उभा करून ठेवला.

"दॉ ओन, मोठी किती आणि मधली किती, एकदा सांगून टाका. मागच्या खेपेला तुम्ही मधली म्हणून जी दिलीत ना, त्यात माझी सासू मावली असती."

"तुझी सासू बघितल्येय मी. मधल्यात मावणार नाही."

"बरं, मोठी चाळीस धरतो. पौर्णिमेनंतर होडी लावतो. पाणी उतरलं की तुमच्याकडचा उतार घसरडा होतो, एकदा मी आणि मडकी दोघं एकदमच खाली गेलो होतो, आठवतंय?"

"मडकी फुटली ते आठवतंय."

असं बराच वेळ चाललं. को लुन माँ बोलका माणूस होता. तो मुलांचं बोलला, डिझेलचं बोलला, पुन्हा सासूचं बोलला. फोन ठेवल्यावर दॉ ओन तिन थापी हातात धरून तशीच बसून राहिली. एवढं लांबलचक फालतू बोलणं एकदाही तुटलं नव्हतं.

गावात सिग्नल नदीपलीकडच्या टॉवरवरून यायचा आणि येईपर्यंत दमलेला असायचा. फोनच्या कोपऱ्यात चढत्या काड्या दिसतात. तिच्या अंगणात, भट्टीच्या बाजूला, त्यांतल्या दोन दिसायच्या. घरात एक. तिला अक्षरं येत नव्हती पण काड्या मोजता येत होत्या. तिनं हात धुतले, पुसले, फोन घेतला. दोन काड्या. एका हातात धरला, दोनच. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं तो दोन्ही तळव्यांत घेतला, भावासाठी घ्यायची तसा, आणि अंगठ्यांच्या फटीतून बघत राहिली. एक काडी गेली. थोड्या वेळानं दुसरीही गेली. हात उघडले. काड्या हळूहळू परत आल्या.

तिनं हे चार वेळा केलं. पाचव्या वेळी कुंपणावरून मा थ्वे यी म्हणाली, "फोनची पूजा चाललीय का?"

"इकडे ये. तुझे हात दे."

मा थ्वे यीचे तळवे लहान होते. तिनं धरला तर एक काडी उरली. मडकी घडवून घडवून दॉ ओन तिनचे तळवे रुंद आणि जाड झाले होते. त्यांत फोन पुरता झाकला जायचा.

"म्हणजे तो ठेवतच नव्हता," मा थ्वे यी म्हणाली. "तूच त्याचा गळा दाबत होतीस."

दॉ ओन तिननं लगेच फोन लावला. तो वाजत राहिला. मग मा शूननं उचलला.

"दॉले," ती दबक्या आवाजात म्हणाली. धाकट्या आत्येला ती असंच म्हणायची. "बाबा नाही म्हणतात. ते म्हणतात, तीनदा माफीचं काढलंत आणि तीनदा त्यांच्या तोंडावर फोन ठेवलात. जाता जाता चेष्टा कशाला, म्हणतात."

"मी ठेवला? मला वाटलं तो ठेवतोय!" आणि तिनं सगळं सांगितलं: काड्या, तळवे, को लुन माँची सासू.

मा शून हसली. फोनवरून पावलं गेल्याचा आवाज आला, कुजबुज आली. बऱ्याच वेळानं भावाचा आवाज आला. तो आधीपेक्षा म्हातारा वाटला.

"हात जोडले म्हणून फोन बंद पडला?"

"हो, अको."

"नऊ वर्षांत एवढं सुबक कारण तुला दुसरं सापडलं नव्हतं."

"कारण नाही सांगत. काड्या जातात. खोटं वाटत असेल तर मा शूनला धरायला सांगा."

"मी कपडे शिवतो, काड्या मोजत नाही." तो थांबला. "ओन, तू ते चारचौघांत बोलली होतीस."

"हो."

"कोपऱ्यात बसून, एकटीनं, फोन तळव्यात लपवून ते पुसलं जात नाही. चारचौघांत बोललीस, चारचौघांत बोल. उद्या सकाळी मी फोनजवळ बसतो. एकदाच बसतो."

तो खरोखर ठेवल्याचा आवाज आला. हा आवाज वेगळा होता, हेही तिला तेव्हा कळलं.

पौर्णिमेच्या सकाळी गावातली माणसं मठातून परत येतात आणि घराघरांत मोठ्यांच्या पाया पडत फिरतात. त्यामुळे माणसं गोळा करायला त्रास झाला नाही. मा थ्वे यीनं फक्त एवढंच म्हटलं की आमच्या अमाला फोनच्या पाया पडायचंय, आणि उन्हं वर यायच्या आत भट्टीच्या बाजूला पन्नासेक माणसं जमली. त्यांतली निम्मी त्या पंगतीला होती.

फोन कुठे ठेवायचा यावर बोलणं झालं. खाली चालणार नाही, हातात चालणार नाही. शेवटी एक मोठं मडकं पालथं घातलं, त्यावर कदॉचं तबक ठेवलं. दोन फण्या केळी, मध्ये हिरवा नारळ, आणि नारळाला टेकून फोन. तो कुणाच्याही कमरेपेक्षा उंच होता आणि त्याला कुणाचा हात लागत नव्हता. दॉ ओन तिननं बोटाच्या टोकानं नंबर लावला.

"बोल," ऊ फो चान म्हणाला. आवाज मोठा केलेला होता. म्हातारी माणसं सावरून बसली.

"अको, सगळे आहेत."

"कोण कोण?"

ती नावं सांगू लागली. तेवढ्यात फोन नारळावरून जरासा घसरला, आणि सरपंचांची आई अगदी आदरानं दोन्ही हात पुढे करून तो सरळ करायला गेली.

"हात लावू नका!" पन्नास माणसं एकदम ओरडली.

म्हातारी दचकून मागे बसली. फोनमधून विचारणा झाली, "काय झालं? कुणाला हात लावताय?"

"तुम्हाला," मा थ्वे यी म्हणाली.

लोक हसले. दॉ ओन तिन हसली नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं हात जोडले. तळव्यांत आज काही नव्हतं, आणि तिला ते चुकल्यासारखं वाटलं.

"अको, देहानं, वाचेनं, मनानं जे चुकलं असेल त्याबद्दल क्षमा असावी." हे सगळेच म्हणतात. ती थांबली. "देहानं नाही चुकले. वाचेनं चुकले. आईच्या सातव्याला तुम्ही चार दिवस चिखलातून चालत आलात, आणि मी भाताचा डाव हातात घेऊन ह्याच लोकांसमोर म्हटलं की जेवायला आलात. तुमच्या पायांकडे बघून मला कळलं होतं की तुम्ही चालत आलात. कळूनही बोलले. तुम्ही उपाशी गेलात."

ती वाकली. तीनदा. कपाळाला माती लागली. वर आली तेव्हा फोनमधून काहीच येत नव्हतं.

सगळ्यांनी आधी काड्यांकडे बघितलं. दोन काड्या होत्या. सरपंचांच्या आईनं दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.  लाइन चालू होती, पलीकडे शिलाईयंत्रावर कुणीतरी बोट वाजवत असल्याचा बारीक आवाज येत होता. आतापर्यंतच्या शांततेला फोन जबाबदार होता. ही शांतता भावाची होती, आणि ती केवढी लांब असेल हे काड्यांवरून समजत नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून राहिली. पाय दुखायला लागले.

"मासळीच्या वाटणाचा वास येत होता," अखेर ऊ फो चान म्हणाला.

"काय?"

"त्या ताटाला. आईच्या हातचं वाटण होतं. तिनं जायच्या आधी केलेलं असणार. मी घाटावर जाईपर्यंत तोच वास डोक्यात होता. मला खरंच भूक लागली होती, ओन. म्हणून जास्त लागलं."



मग त्यानं घसा साफ केला आणि थोरल्यांनी म्हणायचं ते तो म्हणाला. आजारावाचून राहा, संकटावाचून राहा, चांगली माणसं भेटोत, जे चुकलं ते माफ आहे. सावकाश म्हणाला, एकही शब्द न गाळता. बसलेल्या माणसांनी संमतीचं 'साधू' तीनदा म्हटलं.

"आता उठ," तो म्हणाला. "तुझे गुडघे पहिल्यापासून खराब आहेत."

ती मडक्याला धरून उठली. माणसं केळी वाटून घेऊ लागली आणि गलका सुरू झाला. तिनं फोनजवळ कान नेला.

"मठात पाण्याची मडकी फुटून गेलीत म्हणे," तो सांगत होता. "तुझ्या व्यापाऱ्याच्या होडीवर दोन दे. पुढे ट्रकनं येतील. माझ्या नावानं पाठवू नकोस, ते नाव उद्या राहणार नाही."

"मग कुठल्या नावानं?"

"नवं उद्या मिळेल. मा शून कळवेल."

"मोठी देऊ की मधली?"

"माणसं सात आहेत. डोंगर चढून न्यायचीत."

"मग मधली," दॉ ओन तिन म्हणाली. "पण जाड बुडाची करते. दोन आठवडे लागतील."