राहिलेली नाभी

तिरेसाने नाकावरचं फडकं घट्ट बांधलं आणि फालानिकोच्या डाव्या मांडीवर गोंदणाची शेवटची काळी रेघ ओढली. हा फालानिको कारखान्याच्या भिंतीवरचा, रंगवलेला. वीस फूट उंच, उघड्या अंगाचा, दोन्ही हातांवर समुद्रकासव तोलून उभा. परांचीच्या बरोबर खाली मासळीच्या कारखान्याचा नळ लगूनमध्ये, प्रवाळाआडच्या उथळ समुद्रात, ओकत होता. दुपारी दोन वाजले की टाक्या धुतल्या जायच्या, आणि माशांची आतडी, रक्त, खवले असं सगळं गरम पाण्याबरोबर बाहेर यायचं. पाण्यावर तपकिरी साय धरली होती. त्या सायीवर माशा बसायच्या आणि तिथून उठून रंगाच्या डब्यावर यायच्या. तिरेसा त्यांना कुंचल्याने काढायची.

तिचं मूळ चित्र वेगळं होतं. त्यात गुडघाभर पाण्यात शिंपले वेचणारी म्हातारी होती, तिच्या पायांवर फोड होते आणि मागे पांढरं पडलेलं प्रवाळ. कारखान्याच्या मॅनेजरला म्हातारी आवडली नाही. तो बाहेरून आलेला, गोड बोलणारा माणूस. म्हणाला, समुद्र हवा, परंपरा हवी, पण जरा उमेद वाटेल असं काढा. मग म्हातारी गेली, तिच्या जागी गावचा मताई, म्हणजे मुखिया, फालानिको आला, आणि वर सामोआ भाषेत लिहायचं ठरलं, ‘समुद्राचे राखणदार’. तिरेसा हो म्हणाली. एवढी मोठी भिंत तिला आजवर कुणी दिली नव्हती. त्या ‘हो’ची किळस तिला रोज परांचीवर चढताना यायची, आणि तरी ती चढायची.

परांचीखाली थांबलेल्या गाडीची काच चार बोटं खाली आली. आतली थंड हवा बाहेर आणि बाहेरची घाण आत, एवढी देवाणघेवाण झाली तशी ती दोन बोटं परत वर गेली.

“पोरी, पोट अजून कोरंच?” खऱ्या फालानिकोने विचारलं.

“पोट शेवटी असतं, मताई. अंगावर काय नि भिंतीवर काय.”

“शनिवारी पाहुणे आहेत. भरगच्च काढ. हात राखू नकोस.”

“तुम्ही उतरून बघता का जरा?”

“दिसतंय मला इथून,” तो म्हणाला, आणि काच बंद झाली.

फालानिको टेकडीवर राहायचा. तिथून लगून निळंशार दिसतं. दुरून डोंगर साजरे, तसं. तो लुंगीसारखा लाव्हालाव्हा मुद्दाम वीतभर वर नेसायचा, म्हणजे गुडघ्यांवरच्या गोंदणाच्या रेघा दिसाव्यात. सदरा मात्र गळ्यापर्यंत बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीस वर्षांपूर्वी त्याने पेआ, म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं पुरुषाचं गोंदण, घ्यायला सुरुवात केली होती. पाठ झाली, मांड्या झाल्या, आणि पोटावर गोंदायचा दातेरी फणा पहिल्यांदा पडायच्या आधी तो “पाणी पिऊन येतो” म्हणून उठला तो थेट ऑकलंडला पोचला. पेआ अर्धा टाकलेल्या माणसाला आमच्याकडे तोंडावर कुणी काही बोलत नाही. फक्त तो जवळून गेला की बायका चटया विणताना मान खाली घालतात. पुढे पैसा आला, थोरला भाऊ वारला, मताईची पदवी आली. नळाला गावाचा होकारही त्याच्याच तोंडून गेला. त्या होकाराची मुदत आता संपत होती. शनिवारी चित्राचं उद्घाटन, मग गावसभेत शब्द पक्का करणारं आवाचं पेय फिरणार, आणि मताई आणखी दहा वर्षांचा शब्द देणार, असं ठरलं होतं.

संध्याकाळी तिरेसाने आईच्या पायांना खोबरेल लावलं. फोड फुटून त्यांतून पाणी येत होतं. आई उद्या पुन्हा शिंपल्यांना जाणार होती.

“नको जाऊस,” तिरेसा म्हणाली.

“मग खायचं काय? तुझा राखणदार आणून देणार आहे?”

शुक्रवारी तिने पोट काढलं. बरगड्यांखालच्या आडव्या पट्ट्या, बाणांच्या ओळी, सगळं जिथल्या तिथे. ही नक्षी तिला पाठ होती. इओसेफो मामा गावचा गोंदणारा, त्याच्या ओसरीवरच ती चित्रं काढायला शिकली होती. शेवटी नाभी राहिली. नाभीभोवतीची छोटी चौकट उमटली की पेआ पुरा, आणि माणूसही पुरा. तिने कुंचला बुडवला, उचलला. फालानिकोच्या पोटाचा तो वाटोळा कोरा भाग तिच्याकडे बघत होता. खाली नळाने पुन्हा ओक काढली. हात वळेना. तिने कुंचला धुतला आणि ती खाली उतरली.

शनिवारी चित्रावरचा पडदा सरकला तेव्हा मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या. गावाने वाजवल्या नाहीत. पुढच्या चटईवरच्या म्हाताऱ्यांचे पंखे थांबले, कुणीतरी खोकलं, आणि एका बाईने पोराचं बोट भिंतीकडे जाण्याआधीच धरून खाली केलं. फालानिकोने वर पाहिलं. त्याचा हात आपोआप सदऱ्याच्या खालच्या बटणाकडे गेला.

आवाची वाटी भरून आणली तेव्हा इओसेफो मामा बोलला. पंचाहत्तरीचा माणूस, आवाज बारीक.

“काम अपुरं आहे. अपुऱ्या कामावर आवा पीत नाहीत.”

“काय राहिलंय?” मॅनेजरने शेजारच्याला विचारलं. शेजारचा आपल्या पायांच्या बोटांकडे बघत बसला. “मला तर पुरं दिसतंय. फारच सुंदर आहे.”

 तिरेसाला वाटलं होतं, या क्षणी मजा येईल. आली नाही. घामाने ओला झालेला फालानिकोचा गळा तिला दिसत होता आणि नुसती शिसारी येत होती.

“थोडं राहिलंय,” अखेर फालानिकोच म्हणाला. “पोरगी करेल पुरं.”

“पोरीने अंगावर असेल ते काढावं,” मामा म्हणाला. “माझी हत्यारं घरात आहेत, मताई. सोमवारी सकाळी ओसरी मोकळी आहे.”

सभा उठली. मॅनेजरने रविवारी फालानिकोला दोनदा फोन केला म्हणतात.

सोमवारी चटई बगलेत मारून तो खरंच आला. गाडी रस्त्यावरच राहिली, कारण ओसरीपर्यंत फक्त पाऊलवाट होती. मामाचा कातडी ताणणारा जोडीदार मुलाकडे परदेशी गेलेला. हे काम एरवी पुरुषांचं, पण मामाने तिरेसाला बोलावलं. तिने मामाला विहिरीपाशी गाठलं.

“तुम्ही त्याला पुरा करताय, मामा. तो पुरा झाला की आवा फिरली आणि नळ दहा वर्षं.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“अर्धं काम टाकणारा तो. मी नाही. हात धू आणि ये.”

फालानिकोने सदरा काढला. थुलथुलीत, फिकट, तीस वर्षं ऊन न लागलेलं पोट. दोन्ही कुशींवरून पाठीच्या काळ्या रेघा पुढे आलेल्या आणि मध्येच तुटलेल्या. तिरेसाने तळवे त्या पोटावर टेकवून कातडी ताणली. ती मऊ, दमट होती. तिने मान वळवली, तर समोर नळ. मामाची ओसरी नळाच्या तोंडापासून चाळीस पावलांवर आहे.

फण्यावर हातोडी पडू लागली. टक टक टक, मग पुसायचं, मग पुन्हा टक टक. रक्त आणि काजळी तिच्या बोटांमध्ये ओघळत होती. तो ओरडला नाही. हे तिला अपेक्षित नव्हतं आणि त्याचाही तिला राग आला. गेंड्याची कातडी, ती मनात म्हणाली. दोन वाजता टाक्या धुतल्या गेल्या. वास ओसरीवर चढला तसा फालानिको कुशीवर वळला आणि चटईबाहेर भडाभडा ओकला.

“दुखतंय?” मामाने विचारलं.

“नाही. वास.”

मामाने हातोडी थांबवली नाही. तिरेसाने त्याची ओक राखेने झाकली. उकडलेला तारोचा कंद होता त्यात, सकाळचा. 

चार दिवस असेच गेले. दुसऱ्या दिवशी त्याने तोंडावर फडकं मागितलं, तिसऱ्या दिवशी जेवण परत पाठवलं. माशा ताज्या जखमांवर बसत होत्या आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तिरेसा त्या हाकलू शकत नव्हती. तो पडल्यापडल्या फुंकर मारायचा.

“ओसरी इथेच का बांधली, इओसेफो?” चौथ्या दिवशी तो म्हणाला.

“ओसरी होती तिथेच आहे. नळ नंतर आला.”

त्याच वेळी तिरेसाची आई शिंपल्यांची टोपली घेऊन पाण्यातून वर आली. तिने मताईला पाहून मान खाली घातली नाही. पायऱ्यांवर बसून एकेक पाय उचलून पुसू लागली. फालानिको झोपूनच त्या पायांकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांपासून ते हातभर अंतरावर होते.

“हे कधीपासून?” त्याने विचारलं.

“तुम्ही शब्द दिलात त्याच्या पुढच्या वर्षापासून,” आई म्हणाली, आणि टोपली घेऊन घराकडे गेली.

फक्त नाभी राहिली होती. मामाने सगळ्यात अरुंद फणा काजळीत बुडवला. तिरेसाने नाभीच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबले. तासाभराचं काम. शनिवारी आवा, मग दहा वर्षं. तिने डोळे मिटून घेतले.

फालानिकोने मामाचं मनगट धरलं.

“हे राहू दे.”

“शेवटचंच आहे,” मामा म्हणाला.

“माहीत आहे. आधी ते बंद करायला सांगून येतो.” त्याने हनुवटीने नळ दाखवला. “येतो मी.”

तिरेसाने अंगठे काढले. “तीस वर्षांपूर्वीही येतो म्हणूनच गेला होतात.”

 तो हातांवर भार देऊन उठला, तोल गेला, खांबाला धरून उभा राहिला. पोट सुजून लाल झालेलं, त्यावर काळ्या ओल्या रेघा, आणि मधोमध तो कोरा वाटोळा भाग. तसाच तो ओसरीवरून उतरला. गाडीच्या बाजूला न जाता नळाच्या कडेकडेने, चिखलातून, कारखान्याच्या फाटकाकडे चालू लागला. पाळी सुटायची वेळ होती. फाटकाबाहेर अर्धं गाव उभं होतं.

“बघा, पळतोय,” तिरेसा म्हणाली. तिचा आवाज मात्र तिला हवा तसा निघाला नाही.

मामाने हत्यारं धुवायला घेतली नाहीत. काजळीची वाटी त्याने उन्हातून सावलीत सरकवली आणि भिंतीला पाठ टेकून बसला.

चटईवर सदरा पडला होता, पांढरा, इस्त्रीचा. तिरेसाने तो दोन बोटांनी उचलला. चार दिवसांत त्यालाही नळाचा वास लागला होता. फेकून देणार होती. मग तिने तो ओसरीच्या दोरीवर टाकला, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, आणि हात धुवायला विहिरीकडे गेली.