पैलथडीची शेकोटी

"सर, तुम्ही पण आलाय?" अंकिता बाकावरून ताडकन उठली. "ठाऊक असतं तर मी अर्जच केला नसता. जाते मी परत."

"खाली बस," मल्हार म्हणाला. "पळून जायला शिकवलंय व्हय मी तुला?"

सांगलीतल्या त्या कॉलेजात इंग्रजीच्या एका कायम जागेसाठी मुलाखती होत्या. मल्हार इस्लामपुरात वीस वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता. दर जूनला नवा अर्ज करायचा, दर एप्रिलला घरी बसायचं. कायम झालो की लग्न करू म्हणता म्हणता पंचेचाळिशी उलटली होती. अंकिता त्याचीच विद्यार्थिनी, अठ्ठावीस वर्षांची.

प्रत्येकाला दहा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. विषय एकच. एका अमेरिकन कादंबरीतला माणूस रोज पाण्यापलीकडच्या दिव्याकडे बघत उभा राहतो, त्या दिव्याचा अर्थ सांगायचा.

अंकिताला आधी बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं.

"आमच्या भागातलं सांगते," तिचा आवाज आला. "म्हसवडकडची एक बाई. नवरा मेंढरं घेऊन फिरतीवर. नदीपलीकडं त्याचा तळ पडला की तिला अंगणातून शेकोटी दिसायची. पुढं तळ हलला, तिथं दुसऱ्याच मेंढक्याची शेकोटी पेटायला लागली. तिला ते कळत होतं. तरी ती रोज दिवेलागणीला बघत उभी राहायची. तिथं आपलं माणूस नसतं, पण जाळ दिसतो तोवर वाट बघता येते."

मल्हार ऐकतच राहिला. ती बाई म्हणजे त्याची आई, रंगुबाई. तळ हलला त्या वर्षी गेलेला बाप परत आलाच नव्हता. वर्गात त्याने हे एकदाच सांगितलं होतं, आणि सांगता सांगता तास अर्ध्यातच सोडला होता. अंकिता तेव्हा पहिल्या बाकावर होती.

त्याची पाळी आली. दुसरं काही सांगायचं ठरवूनच तो आत गेला. पण फळ्यापाशी उभं राहिल्यावर तोंडून म्हसवडच आलं.

"थांबा," समितीतल्या तज्ज्ञ बाईंनी हात वर केला. "हे उदाहरण आत्ताच्या मुलीनं दिलं. नक्की कुणाचं आहे?"

'माझ्या आईचं आहे' हे शब्द जिभेवर आले होते. पण दाराच्या फटीत अंकिताची ओढणी दिसत होती. खरं सांगितलं तर पोरीवर चोरीचा शिक्का बसणार.

"तिचंच," तो म्हणाला. "दार उघडं होतं. मी ऐकलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एवढ्या अनुभवी माणसानं..."

एसटीत बसल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. नोकरी गेली ती गेलीच, पण आईलाही आपण दुसऱ्याच्या नावावर करून आलो, असं त्याला वाटत राहिलं. संध्याकाळी आईचा फोन आला.

"झालं का रं काम?"

"न्हाई आये."

"बरं. फुडच्या खेपंला व्हईल."

एरवी तो 'व्हय' म्हणायचा. त्या दिवशी म्हणवलं नाही.

आठ दिवसांनी अंकिता त्याच्या खोलीवर आली. तिची निवड झाली होती, पण चेहरा रडवेला.

"सर, मी दाराशीच होते. सगळं ऐकलं. आत येऊन सांगावं म्हटलं, पण पाय उचललाच न्हाई."

"बरं झालं न्हाई उचलला," मल्हार म्हणाला. "पण वर्गात सांगशील तवा एक बाई म्हणू नको. रंगुबाई म्हण."

तिने मान हलवली, आणि मग तिला रडू आवरेना.

रुजू व्हायच्या दिवशी तिने त्याला सोबत यायची गळ घातली. वडील सैन्यात, त्यांना रजा नव्हती. कॉलेजच्या फाटकावर तिने वाकून नमस्कार केला आणि ती आत गेली. पायऱ्या चढताना दोनदा मागे वळून पाहिलं.

"पोरीला सोडाय आलाय जणू?" पहारेकऱ्याने विचारलं.

"व्हय," मल्हार म्हणाला.

तेवढ्यात तासाची घंटा झाली. सवयीने त्याचं एक पाऊल फाटकाच्या आत पडलं. त्याने ते हळूच मागे घेतलं.