कस्तुरीच्या टाकीचा पाया

“कस्तुरीचं डिझाइन तूच तपास, ज्योतिबा,” श्रीवत्स सर म्हणाले. “बायकोचं आहे म्हणून सोडू नकोस. जरा कडक बघ.”

ज्योतिबा मान हलवून जागेवर आला. बंगळुरूच्या कोरमंगलातल्या याच ऑफिसात कस्तुरी त्याच्या हाताखाली शिकली होती. भूकंपात टाकीतलं तेल कसं हिंदकळतं, टाकीची कड कशी उचलली जाते, हे त्यानेच तिला समजावलं होतं. लग्न नंतर झालं. कच्छच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या पोलादी टाक्यांचं काम आलं, तेव्हा त्याने पायासाठी नेहमीसारखे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, सुचवले. कस्तुरीने मऊ जमिनीत खडीचे खांब ठासून वर काँक्रीटचं कडं घालायचं म्हटलं. टाक्या बांधून घेणाऱ्या तेलकंपनीला तिचं पटलं. आता त्यांचे फोन थेट तिलाच येत.

त्याने सगळे हिशेब पुन्हा मांडले. एके दुपारी एक आकडा चुकलासा वाटला, आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो उठून मजेत चहा पिऊन आला. परत येऊन पाहतो, तर वाळूचा थर त्यानेच चुकीचा धरला होता.

तरी त्याने मंजुरीची सही केली नाही. आठवडा गेला.

संध्याकाळी सर्जापूर रोडवर गाडी अडकली होती. कस्तुरी म्हणाली, “अहो, साइटवाले खोळंबलेत. माझं काही चुकलंय काय?”

“नाही.”

“मग?”

तो समोरच्या बसकडे बघत राहिला. “पाइल घातले असते तरी चाललं असतं.”

“चाललं असतं की,” ती म्हणाली. “मला वाटलेलं, तुम्हाला बरं वाटेल. शिकवलेलं तुमचंच आहे.”

त्याने गियर टाकून गाडी जराशी पुढे घेतली. तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरताच त्याने सही केली. दुरुस्ती एकही नव्हती. “सरी, ठीक आहे,” म्हणत श्रीवत्स सरांनी कागद घेतले.

एरवी रात्री घरी चपात्या लाटताना कस्तुरी दिवसभराचं काम सांगायची. पिठाच्या बोटाने ओट्यावर आकृत्या काढून दाखवायची. त्या रात्री तिने उद्याच्या भाजीचं तेवढं विचारलं.

तो ओट्याशी घुटमळला. शेवटी म्हणाला, “खडीचे खांब कधी सुरू करतायत?”

“बघू,” ती म्हणाली, आणि तव्यावरची चपाती उलटली.