तारेवरचा दोडका

रंगरावच्या हद्दीत तारायंत्राची एक तार, एकशे बारा लोखंडी खांब आणि प्रत्येक खांबावर तार बसवायला चिनीमातीची एक वाटी होती. तडकलेल्या तीन वाट्या त्याने कालच बदलल्या होत्या. आता उरला होता अनसिंग स्टेशनाजवळच्या खांबावर चढलेला दोडक्याचा वेल. त्याचे पाच ओले शेंडे तारेला धरून बसले होते.

तारेतली वीज अशा ओल्या जागांतून जमिनीत झिरपते. वाटा जितक्या जास्त आणि जाड, तितका तिला विरोध कमी, आणि तितका स्टेशनातल्या यंत्राचा काटा पुढे सरकतो. सकाळी तो चौदावर गेला होता.

"सांजेला काटा पाचाच्या आत पाहिजे," इन्स्पेक्टर म्हणाले होते, "नाहीतर उद्यापासून तू घरी बस."

दोन दिवस चिखल तुडवून रंगरावच्या पिंढऱ्या भरून आल्या होत्या. शिडी लावून तो कसाबसा वर चढला आणि त्याने विळा काढला. तोच खालून आवडाबाई ओरडली. रुळाकाठचा भाजीमळा तिचा.

"काहून कापून राह्यला रे? दुसरा खांब नाही भेटला तुले?"

"मावशी, खांब सरकारचा हाय. वेल तुहा."

"वा रे वा! शनि लागला तुह्या तारेले, अन् शिक्षा माह्या दोडक्याले!"

"शनीले एक रास वलांडाले अडीच वर्सं लागते. सायबानं मले सांजपावतरच मुदत देल्ली."

ती हसली नाही. रंगरावने चार शेंडे कापले. पाचवा सगळ्यांत जाड. सोडवायला गेलं तर मोडेल, इतका त्याने तारेला पीळ दिला होता.

"तेवढा ठेव, लेका," आवडाबाईचा आवाज उतरला. "सहा दोडके हायेत त्याले. उद्या बाजार हाय. आज तोडले त उद्या मान टाकतील. सकाळी मीच कापीन."

रंगरावने मनात हिशोब केला. चौदाचे पाच वाटे केले, तर एका शेंड्याच्या वाट्याला तीनसुद्धा येत नव्हते. हातही उठत नव्हता. त्याने विळा कमरेला खोचला आणि तो खाली उतरला.

दिवस मावळता इन्स्पेक्टरांनी स्टेशनात तारेला बॅटरी जोडली. काटा हलला, दोनदा मागेपुढे झाला आणि सहावर थांबला.