बेंदराचा मळका ट्रॅक्टर

आप्पांनी पोराशी बोलणं टाकलं त्याला वर्ष होत आलं होतं. मंगळवेढ्याजवळच्या त्या काळ्या शिवारात हिंदुरावानं लाल ट्रॅक्टर आणला, गुंड्या-हरण्याची बैलजोडी माळशिरसच्या माणसाला दिली, आणि त्या दिवशी म्हाताऱ्यानं तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलं. घर एक, चूल एक, पण बोलायचं झालं की मध्ये सून. "सारजे, सांग तुज्या नवऱ्याला, बांध फुटलाय." आणि नवरा तिथंच हातभर अंतरावर भाकरी मोडत बसलेला! तोही काही कमी नव्हता. "सांग आप्पांस्नी, बघतो म्हणून." पोष्टमनला निदान रविवारची सुट्टी असते, बिचाऱ्या सारजाबाईला तीही नव्हती.

त्यात बैलांचा सण बेंदूर तोंडावर आला. "गोठ्यात बैल न्हाईत. पूजा कुणाची करू? यंदा बेंदूर न्हाय," आप्पांनी सुनेला सांगितलं. हे मात्र हिंदुरावाच्या काळजाला लागलं. बाप बोलत नाही हे एक वेळ सोसलं असतं, पण बापाच्या हातचा सण आपल्यापायी मोडावा? मग त्याला सुचलं. बिनबैलाच्या घरी मातीचे बैल पुजतातच की! त्यांच्याशेजारी पाटावर एक लहानसा ट्रॅक्टर मांडायचा. आप्पांनी त्याला कुंकू लावलं, तर राग गेला म्हणायचं. नाही लावलं, तर हा अबोला जन्माचा.

सोलापुरात मल्लिकार्जुन पेंटर होता. पोटासाठी दुकानाच्या पाट्या रंगवायचा आणि जिवासाठी लहान ट्रॅक्टर करायचा. अवजारांच्या दुकानात काचेआड त्याचा ट्रॅक्टर ठेवलेला असला की बाजाराला आलेली माणसं एस्टी चुकवायची. हिंदुरावानं काम सांगितल्यावर हा गडी एक दिवस शेतावर आला. ट्रॅक्टरभोवती हिंडला, खाली उताणा पडला, चाकाचा चिखल नखानं खरवडला आणि जाताना रानातली माती पुडीत बांधून घेतली. "रंग द्यायचाय का नाडी बघायचीय?" म्हणून सारजाबाई पदर तोंडाला लावून हसली. आप्पा लिंबाखाली बसून सगळं बघत होते.

बेंदराच्या आदल्या दिवशी हिंदुराव ट्रॅक्टर आणायला गेला. पेंटरनं फडकं काढलं आणि याचा चेहराच उतरला.

"आरं देवा! ह्यो तर मळका हाय की!"

"अय्यो, नवा पायजे तर जत्रंत घ्या की. नवा कुणाचाबी असतो. ह्यो तुमचा हाय."

हिंदुराव चडफडत वाकला. वाकला तो वाकलाच. डालड्याच्या डब्याचा पत्रा, चपलेच्या रबराची चाकं, पण बघणाऱ्यानं शपथ घ्यावी की हा आत्ताच नांगरून आलाय. बॉनेटचा वरचा रंग उन्हानं विटलेला, खालच्या अंगाला मात्र लालभडक. गंज होता, पण उगीच फासलेला नाही. "पाणी थांबतंय तितंच गंज धरतोय," पेंटर म्हणाला. पाय ठेवायच्या पट्टीवरचा रंग घासून पत्रा चकाकत होता. धुराड्याच्या तोंडाला काजळी. चाकाच्या खाचांत काळी माती, आणि ती यांच्याच रानातली, डिंकात कालवून बसवलेली! बाभळीला धडकून मडगार्डला आलेला पोचासुद्धा जिथल्या तिथं. हिंदुरावाला तो पोचा बघून लाज वाटली आणि माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. काय डोळा म्हणावा का काय!

पेंटर बांधायला भुसा आणायला आत गेला. हिंदुरावानं ट्रॅक्टर उचलून उलटा केला. सीटखाली ज्वारीचा एक दाणा चिकटला होता. मातीबरोबर आला असणार. एवढ्या मोठ्या कारागिराची एवढीशी चूक, कशाला तोंडावर सांगायची? त्यानं नखानं दाणा अलगद काढला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला. मातीची जोडी, शेजारी मळका ट्रॅक्टर, पुढं पुरणपोळी. सारजाबाई दाराशी पदर मुठीत धरून उभी.

आप्पा बसले. बैलांना कुंकू लावलं. मग ट्रॅक्टर उचलून उजेडाला धरला. विटलेल्या रंगावर बोट फिरवलं, चाकाच्या मातीचा वास घेतला. पोच्याजवळ आल्यावर मिशीतल्या मिशीत हसले. शेवटी ट्रॅक्टर उलटा केला आणि चेहरा पडला.

"सारजे, सांग तुज्या नवऱ्याला. पेंटर लई गुणाचा हाय. पर एक इसरलाय."

"काय इसरलं, मामंजी?"

म्हातारा ट्रॅक्टर पाटावर ठेवून उठला आणि अंगणातल्या खऱ्या ट्रॅक्टरपाशी गेला. वाकून सीटखाली हात घातला, आणि हात तिथंच राहिला. हिंदुराव धावला, गुडघ्यावर बसून त्यानं खाली बघितलं. लोखंडाला काळ्या दोऱ्यानं एक कवडी बांधलेली होती. गुंड्याच्या गळ्यातल्या माळेतली! ती माळ बैलाबरोबर गेली असंच तो आजवर समजत होता. बोलायचं बंद केलेल्या बापानं तिच्यातली कवडी ठेवून घेतली होती आणि दृष्ट लागू नये म्हणून इथं बांधली होती. केव्हा, कुणास ठाऊक.

हिंदुरावाचा हात खिशात गेला. दाणा तळहातावर घेऊन त्यानं नीट बघितला. दाण्याच्या मधोमध ब्लेडनं एक बारीक चीर दिली होती, कवडीला असते तशी.

"आप्पा," तो म्हणाला. "पेंटर इसरला न्हाय. ही कवडी मीच काढली. मला कळलंच न्हाय."

मध्ये उभं राहायची सवय असलेली सारजाबाई पुढं झाली, पण आप्पांनी तिला हातानं बाजूला केलं. पोराच्या तळहातावरचा दाणा उचलला, आत जाऊन नैवेद्याच्या पुरणाचं बोट लावून तो लहान ट्रॅक्टरच्या सीटखाली बसवला आणि बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं.

"हिंद्या," ते म्हणाले, "गाढवा, बस की जेवायला. पोळ्या निवल्या."