कल्हईचं शेपूट

शाहूपुरीत मीरासाब कल्हईवाल्याच्या भट्टीपुढं परगावचा एक गडी येऊन उभा राहिला. पटकुरातनं त्यानं एक संगीन काढली. टोक मोडलेलं, पातं मात्र पांढरं लख्ख.

"बसा पावणं. कुठलं म्हणायचं?"

"कोडोलीचा, हंबीरराव. इंग्रजांच्या पलटणीतनं बसऱ्याच्या लढाईवर गेलतो. मोडकी म्हणून सायबानं ही मलाच दिली. लोक चांदी हाय म्हणत्यात. तुम्ही सांगा की."

"चांदी कसली डोंबलाची? कल्हई हाय ही."

तोंडानं बोलला खरा, पण बसऱ्याचं नाव निघालं की मीरासाबचं काळीज हलायचं. त्याचा एकुलता एक निसार तिकडंच गेला होता. दोन सालांमागं 'बेपत्ता' असा निरोप आला, तेवढाच. मेला असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून त्याची बायको बिबीजान अजून पोराच्या वाटणीची भाकरी थापायची. तिला नको तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं? रस्त्यानं खाकी कपडा दिसला की मीरासाबची स्वतःचीच मान वळायची.

त्यानं संगीन उन्हात धरली. मुठीपाशी नजर अडकली. कथलाचा एक बारीक फराटा तिथं उलटा वळला होता. कल्हईचा बोळा कसा, एका दिशेनं ओढायचा आणि उचलायचा. निसारचा हात शेवटी माघारी फिरायचाच. त्या फराट्याला घरात शेपूट म्हणायचे, आणि त्यापायी पोरानं बापाची बोलणी पोटभर खाल्ली होती.

"कवा केली ही कल्हई?" त्यानं विचारलं.

"गेल्या दिवाळीत."

दिवाळीत! म्हणजे निरोप खोटा, पोरगं जितं हाय. मीरासाब उठला. बिबीजानला हाक मारणार, तोच हंबीररावानं त्याचा हात धरला.

"चाचा, बसा. दिवाळीत मीच केली. निसार न्हाय आता. पलटण मागं फिरलेली, तापानं माझ्या मांडीवर गेला. तिथंच माती दिली. निरोप कुणी धड पोचवला न्हाय. संगीन त्याचीच. गंजू नये म्हणून तो हिला कल्हई करायचा, मलाबी शिकवलं. बा शेपूट बघून वळखील, म्हणायचा. मला तोंडानं सांगवंना, म्हणून ही पुढं केली."

मीरासाब भट्टीपुढं परत बसला. रडूही येईना, याचाच त्याला संताप आला. मग त्यानं शेजारचं पातेलं भट्टीवर चढवलं, भाता ओढला आणि कापसाचा बोळा हंबीररावापुढं धरला.

"कर. त्यानं शिकवली तशी कर. बघू दे मला."

नवसागराचा धूर उठला, कथील वितळलं. हात नांगर धरणाऱ्याचे, पण बोळा फिरवायची लकब निसारची. मीरासाब डोळे न पुसता बघत राहिला. शेवटाला हात माघारी फिरला.

"पुन्यांदा शेपूट सोडलंस, गाढवा?" त्याच्या तोंडातनं निघून गेलं.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. पिठाच्या हातांनी बिबीजान धावत दारात आली. ही बोलणी त्या घरात फक्त निसारलाच बसायची.